रिकाम्या जागा भरा

आमच्या घरी हल्ली रोज परीक्षा असते. प्रश्न एकच : रिकाम्या जागा भरा. 'एका बड्या बापाच्या मुलाचे नव्या नायिकेशी फिसकटले. ओळखा पाहू कोण?' असे मोबाईलवर येते आणि आमची ही, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी, नाव शोधत बसते. मी हसतो. मग चष्मा लावून विचारतो, "बड्या म्हणजे किती बड्या?"

ही विद्या नवी नव्हे. १९७१ साली 'स्टारडस्ट' निघाले ते पहिल्याच अंकात राजेश खन्नाने गुपचूप लग्न केले की काय, असे विचारत. विचारत, बरं का, सांगत नव्हे! प्रश्नचिन्हावर अब्रूनुकसानीचा दावा कोण ठोकणार? नाव गाळले की उरलीसुरली कटकटही मिटते. लिहिणारा नामानिराळा. बदनामीचे काम आपण करायचे, तेही फुकट! वर ज्याचा अंदाज बरोबर ठरतो (ठरवतो कोण, देव जाणे) तो चारचौघांत बोर्डात आल्यासारखा मिरवतो.

तुम्ही म्हणाल, पूर्वी चाळीत नळावर काय वेद म्हणत होते? नव्हते. आमची आईही त्यात असायची. पण जिच्याविषयी कुजबुज चाले, ती पाच मिनिटांत कळशी घेऊन त्याच नळावर येई. संध्याकाळी तिच्याकडेच विरजण मागायला जावे लागे. जिभेला तेवढाच लगाम. नटीकडे विरजण मागायला कोण जातो?

२०२० साली तर लगामच तुटला. जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत गेला आणि घरात कोंडलेल्या आम्हा सर्वांना केवढी तरी रिकामी जागा मिळाली : 'मारले कोणी?' आमच्या घराने रिया चक्रवर्तीचे नाव भरले. जेवता जेवता, एकमताने. माझाही हात वर होता, खरकटाच. ती पोर अमली पदार्थांच्या प्रकरणात जवळजवळ महिनाभर तुरुंगात होती, तेव्हा आम्ही 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणत होतो. ऑक्टोबरमध्ये एम्सच्या डॉक्टरांनी खून नाही म्हणून सांगितले. २०२५च्या मार्चमध्ये सी.बी.आय.ने तपास बंद करण्याचा अहवाल कोर्टात दिला. आमच्या जेवणाच्या टेबलावरचा निकाल मात्र कोणी फिरवलाच नव्हता.

मी हिला ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली.

"अगंबाई!" ही म्हणाली आणि गप्प झाली. चक्क दोन मिनिटे.

मग मोबाईल वाजला. 'दक्षिणेतल्या एका सुपरस्टारच्या घरात...'

"अहो, चष्मा कुठाय तुमचा?"

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.