मुक्त सॉफ्टवेअरचा खर्च कोणी सोसायचा?

गावच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी कोणीही शेंदावे, असा संकेत असतो. परंतु गाळ उपसण्याचा आणि ढासळलेला काठ बांधण्याचा खर्च कोणाला तरी उचलावाच लागतो. तो एकट्या धनिकाने उचलला, तर विहिरीवर त्याचाच शब्द चालू लागतो. कोणीच न उचलला, तर विहीर बुजते. मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअरपुढे हाच पेच उभा आहे. संदेशवहनाच्या क्षेत्रात तो अधिक तीव्र आहे. कारण तेथे माणूस आपला खासगी संवादच त्या व्यवस्थेच्या स्वाधीन करीत असतो.

‘मॅट्रिक्स’ या प्रकल्पाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ई-मेलप्रमाणेच वेगवेगळ्या सर्व्हरवरील लोकांना परस्परांशी बोलता यावे, कोणा एका कंपनीचे बंधन नसावे, या हेतूने २०१४ मध्ये तो सुरू झाला. प्रारंभी ‘ॲमडॉक्स’ या कंपनीचे त्याला पाठबळ होते. २०१७ मध्ये ते संपताच मॅथ्यू हॉजसन आणि अमँडीन ल पाप या प्रवर्तकांनी स्वतःची कंपनी काढली. तीच आजची ‘एलिमेंट’. पुढे २०१८ मध्ये मूळ प्रमाणाच्या रक्षणासाठी ब्रिटनमध्ये ना-नफा तत्त्वावरील स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. फ्रेंच शासनाची ‘चॅप’ आणि जर्मन सैन्याची ‘बीडब्ल्यू मेसेंजर’ या सेवा याच पायावर उभ्या राहिल्या.

कीर्ती वाढली, तरी तिजोरी भरली नाही. सर्व्हरचे मुख्य सॉफ्टवेअर ‘सिनॅप्स’ अतिशय सैल परवान्याखाली होते. कोणीही ते घ्यावे, त्यावर व्यवसाय करावा आणि परत काहीही देऊ नये, याला कायद्याची आडकाठी नव्हती. विकासाचा बहुतांश भार मात्र एलिमेंटवर होता. अखेर २०२३ मध्ये कंपनीने पुढील विकास ‘एजीपीएल’ या कडक परवान्याखाली नेला. सॉफ्टवेअरमध्ये बदल करून सेवा देणाऱ्याने ते बदल खुले करावेत. ज्याला ते नको असेल, त्याने कंपनीकडून वेगळा परवाना विकत घ्यावा, अशी ही योजना. त्यासाठी योगदान देणाऱ्यांकडून करारावर स्वाक्षरी घेण्यात येऊ लागली.

येथेच कुजबुज सुरू झाली. स्वयंसेवकाच्या श्रमातून निर्माण झालेली वस्तू विकण्याचा अधिकार एकाच कंपनीकडे का असावा? हा प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही. तसेच, फुकट नेणाऱ्यांनी वाटा उचलावा ही कंपनीची अपेक्षाही अन्याय्य नाही. योगदान मुक्त परवान्याखाली उपलब्ध ठेवण्याचे बंधन कंपनीने करारात स्वतःवर घालून घेतले, ही जमेची बाजू. प्रतिष्ठानानेही २०२४ मध्ये निवडून आलेले नियामक मंडळ नेमले. तरीही २०२५ च्या प्रारंभी, मार्चअखेरपर्यंत एक लाख डॉलर उभे न राहिल्यास अन्य संदेशसेवांशी जोडणारे दुवे बंद करावे लागतील, असे आवाहन त्याला करावे लागले. शासने आणि सैन्ये ज्यावर विसंबतात, त्या व्यवस्थेच्या रक्षकाची ही अवस्था!

विश्वास गमावल्यास काय होते, हे ‘फ्रीनोड’ने दाखवून दिले आहे. मुक्त सॉफ्टवेअर जगताचे हे जुने संवादस्थान. २०२१ च्या मे महिन्यात मालकी आणि नियंत्रणाच्या वादातून तेथील स्वयंसेवी व्यवस्थापकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि ‘लिबेरा चॅट’ उभारले. उबुंटू, विकिमीडिया यांसारखे समुदाय त्यांच्यामागे गेले. नाव आणि यंत्रणा मालकाकडे राहिली; माणसे निघून गेली.

तेव्हा पैसा घेणे हा दोष नव्हे. तो कोणाकडून आला, कोठे खर्च झाला आणि त्याबदल्यात कोणता अधिकार दिला गेला, हे उघड असले पाहिजे. नियम बदलायचे असतील, तर ते आधी समुदायापुढे मांडले पाहिजेत. त्याचबरोबर, वापरणाऱ्या शासनांनी आणि संस्थांनी देखभालीचा नियमित वाटा उचलणे हे कर्तव्य मानले पाहिजे. अनेकांच्या लहान वर्गणीवर चालणाऱ्या कार्यावर कोणा एकाची सत्ता सहसा चालत नाही, आणि एकाने हात आखडता घेतला म्हणून ते बंदही पडत नाही.