सातवीतलं विज्ञान

परवा व्हायव्हात जडत्व विचारलं. व्याख्या सगळ्यांनी धडाधड म्हटली. उदाहरण मागितल्यावर आमची बॅच गप्प! मला मात्र लोहारा तालुक्यातली आमची शाळा आठवली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात सास्तूर आणि भोवतालची गावं कोसळली. आमचा तेव्हा जन्मही नव्हता, पण ती पहाट आजीकडून कितीदा ऐकलेली. सातवीत सरांनी टेबलावर वहीच्या पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या. वर आधी कागद, मग जाडजूड पुस्तक ठेवून टेबल हलवलं. पुस्तकाचं घर आडवं झालं. "आता सांगा, माळवदाची घरं का पडली?" जमीन सरकते, जड छप्पर जागेवरच राहू पाहतं, दगड-मातीची भिंत मधल्यामध्ये मोडते. उत्तर आम्हीच शोधलं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, धडे मोबाइलवर आले. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर शेतात. धाकटी बहीण तेव्हा सातवीत होती. तिने प्रयोग वाचले, केला एकही नाही. आजही ती म्हणते, "विज्ञान पाठच होत नाही."

व्हिडिओ वाईट नाहीत. पण मुलांनी हाताने काही करून पाहिलं नाही, तर विज्ञानाचं नुसतं पाठांतर होतं. आणि तेच पाठांतर घेऊन आपण इंजिनिअरिंगला येतो.

सेमिस्टर संपल्यावर गावी जाल, तेव्हा शाळेतल्या सरांना विचारून एक दुपार सातवीच्या वर्गाला द्या. सोबत जुन्या वह्यांचे पुठ्ठे न्या, तेवढे पुरतात.