चांगल्या दिवसाची साक्ष

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात रोवणीचे दिवस आले की धानाच्या बांधीत, घोटाभर चिखलपाण्यात बायांच्या रांगा लागतात. मिरचीचा हंगाम आला की त्यातल्याच कितीतरी जणी सातऱ्यावर लाल मिरचीचे देठ खुडायला बसतात. अशा रांगेत एखादी दोन दिवस येते आणि पुढचे चार दिवस दिसत नाही. तिच्यासाठी शब्द तयारच असतो: कामचोट्टी.

तिच्या पायाला प्लास्टर नसतं, हातात काठी नसते. नीट पाहिलं तर डोळ्यांत पिवळी झाक दिसेल एवढंच. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल, तर हाडं कुटल्यासारखी कळ कधी उठेल याचा नेम नसतो, आणि कळ ओसरली की ती चारचौघींसारखीच चालते, हसते. लोकांचं बोलणं ऐकून ऐकून पुढे तिलाच प्रश्न पडतो: आपल्याला खरंच काही आहे, की आपण अंग चोरतो?

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. मिरगी, मानसिक आजार, कमी ऐकू येणं, हिमोफिलिया, ज्यांचं अपंगत्व वरून दिसत नाही अशा सगळ्यांनाच तो कधी ना कधी छळतो. विदर्भात मात्र त्याचा सर्वांत ओळखीचा चेहरा सिकलसेलचा आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली ती 1958 साली. अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागास समाजांत तो पिढ्यानपिढ्या चालत आला. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के असते. दोघांनाही स्वतःला त्रास नसतो, त्यामुळे लेकराचं दुखणं घरातल्यांनाही अनेकदा परकं वाटतं.

थकव्याचा हिशेब रक्तात मांडलेला आहे. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते आणि 10 ते 20 दिवसांत संपते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे कळ उठते. अंगातलं पाणी कमी होणं, गारठा, ताप, अतिश्रम ही तिची नेहमीची निमित्तं. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन आणि रोवणीतलं भिजणं या यादीत आपोआप बसतं.

तरीही शंका घेण्यात वैद्यकशास्त्रसुद्धा मागे राहिलं नाही. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून इथला सिकलसेल सौम्य, असं बराच काळ मानलं गेलं. नागपुरातल्या डॉक्टरांनी मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा मध्य भारतातल्या अनेक मुलांचा आजार चांगलाच तीव्र असल्याचं दिसलं. जिथे तज्ज्ञांचा अंदाज चुकला, तिथे सातऱ्यावरच्या शेजारणीचा चुकला तर नवल नाही.

या संशयाचं मूळ साध्या गोष्टीत आहे. कळ येते त्या दिवशी ती खाटेवर असते किंवा दवाखान्यात सलाईन लावून पडलेली. बाजारात, लग्नात, कॉलेजात दिसते ती बरी असते तेव्हाच. अपंगत्व तपासणाऱ्या मंडळापुढे नागपूरला जायचं, तर सकाळची एसटी धरण्याइतका जीव अंगात असावा लागतो, म्हणजे तिथेही ती पोचते ती चांगल्याच दिवशी. तिच्याविरुद्धची साक्ष दर वेळी चांगला दिवसच देतो. आणि ती स्वतःही स्वतःचा निवाडा त्याच साक्षीवर करते.

कायद्यानं हा घोळ निम्मा तरी सोडवला आहे. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016च्या कायद्यात ते 21 झाले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात आणखी एक दार उघडलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. 40 टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासाठी आहे, परीक्षेतल्या रास्त सोयीसाठी ती लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

पण कायदा एकीकडे आणि नजर दुसरीकडे. 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठलं. त्यानंतर समाजमाध्यमांवर इतर अपंग अधिकाऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ फिरू लागले: हा बघा चालतोय, ही बघा नाचतेय. खोटं प्रमाणपत्र घेणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. मात्र एका व्हिडिओवरून अपंगत्व ठरवणं ही पुन्हा चांगल्या दिवसाचीच साक्ष झाली. दुखणं न मानणारी ही नजर फक्त इथलीच नाही. ब्रिटनमध्ये 2019 साली 21 वर्षांच्या एका सिकलसेल रुग्णाने ऑक्सिजन मिळावा म्हणून रुग्णालयातल्या खाटेवरूनच आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. काही दिवसांनी तो गेला. तिथल्या खासदारांच्या गटाने 2021 मध्ये या आजारावर अहवाल काढला, त्याचं नावच ‘कुणी ऐकत नाही’ असं होतं.

मनातल्या शंकेला उत्तर द्यायचं तर कागदावर द्यावं. कळ कधी उठली, किती दिवस टिकली, रक्त कधी चढवलं, किती तास आणि किती मजुरी बुडाली, हे साध्या वहीत लिहावं. दवाखान्याचे कागद त्याच वहीत ठेवावेत. मंडळापुढे ती वही कामी येईल. बऱ्या दिवशी ‘मला कुठे काय झालंय’ असं वाटू लागलं, तर तेव्हाही ती उघडता येईल.

सरकारच्या वहीत मात्र अजून एक पान कोरं आहे. 2016च्या कायद्याच्या कलम 32 नुसार 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या सिकलसेलग्रस्ताला उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आरक्षणात जागा मिळू शकते. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या कलम 34 मध्ये मात्र रक्ताच्या आजारांचा उल्लेखच नाही. पदवीपर्यंत अपंग मानायचं आणि नोकरीच्या दारात विसरायचं, हे त्या मुलीच्या शंकेला खतपाणी घालणं आहे. ही दुरुस्ती संसदेने करावी.

2047पर्यंत सिकलसेल हटवण्याचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झालं. दर 19 जूनला सिकलसेल दिनी रक्त तपासणीची शिबिरं भरतात. कुहीसारख्या तालुक्यात तपासणीच्या टेबलाशेजारी त्या दिवशी आणखी एक टेबल मांडावं आणि जागेवरच अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज भरून द्यावा.