समान मत आणि दूरचे जिल्हे

सुरिनाम हा दक्षिण अमेरिका खंडातील सर्वांत लहान स्वतंत्र देश. १९७५ साली डच सत्तेतून मुक्त झालेल्या या देशाचे दहा जिल्हे आहेत. पण ते एका मापाचे नाहीत. २०१२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५ लाख ४१ हजार ६३८ भरली. त्यांपैकी २ लाख ४० हजार ९२४ माणसे एकट्या परामारिबो या राजधानीच्या जिल्ह्यात होती. दक्षिणेकडील सिपालिविनीने देशाची सुमारे ऐंशी टक्के भूमी व्यापली आहे; वस्ती मात्र अवघी ३७ हजार. किनाऱ्यावरील कोरोनी जिल्ह्यात, टॉटनेस हे मुख्य ठाणे धरूनही, माणसे भरली ३ हजार ३९१.

१९८७ ची राज्यघटना आल्यानंतर अशा विषम जिल्ह्यांनाच मतदारसंघ मानण्यात आले. राष्ट्रीय सभेच्या ५१ जागांपैकी १७ परामारिबोला आणि २ कोरोनीला मिळाल्या. म्हणजे कोरोनीत सुमारे १,७०० रहिवाशांमागे एक प्रतिनिधी, तर राजधानीत १४ हजारांहून अधिक लोकांमागे एक. एका नागरिकाच्या मताचे वजन दुसऱ्याच्या आठपट असावे, याला समता म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. पुढे कायदा बदलला आणि २५ मे २०२५ ची निवडणूक सारा देश एकच मतदारसंघ मानून झाली.

या निर्णयाच्या न्याय्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परामारिबो आणि शेजारचा वानिका या दोनच जिल्ह्यांत देशाची दोन-तृतीयांश वस्ती आहे. मते जेथे दाट, तेथेच पक्षांचे लक्ष जाणार. मग अरण्यातील नदीकाठच्या गावांची दाद कोणी घ्यावी?

जुनी पद्धत या गावांची ढाल होती, असे कोणी म्हणेल. इतिहास तशी साक्ष देत नाही. मळ्यांवरील गुलामीतून निसटून अरण्यात वसलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आणि मूळ रहिवासी यांची वस्ती तेथे आहे. १९६० च्या दशकात अफोबाका धरणाच्या जलाशयात सारामाका लोकांची अनेक गावे बुडाली. पुढे जिल्हावार जागा मिळूनही त्यांचा जमिनीवरील सामूहिक हक्क कायद्याने मान्य झाला नाही. अखेर आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाला २००७ साली तो मान्य करण्याचा आदेश सुरिनामला द्यावा लागला. चार-दोन जादा प्रतिनिधींनी जे साधले नाही, त्यासाठी मतांची विषमता जपण्यात अर्थ नव्हता.

उपाय जिल्ह्यातच शोधला पाहिजे. जिल्ह्याचा कारभार पाहणारा आयुक्त सरकारनियुक्त असतो. लोकनियुक्त विभाग-परिषदा आणि जिल्हा-परिषदा राज्यघटनेत आहेत. पण कागदावरची परिषद शाळेला शिक्षक देत नाही, की दवाखान्याला औषध. त्यासाठी निधी हवा, निर्णयाचा अधिकार हवा आणि जमिनीच्या प्रश्नात गावाची संमती बंधनकारक हवी.

मतांची समता हा लोकशाहीचा पाया खरा. पण पायावर भिंती उभ्या राहिल्या नाहीत तर त्याला कोणी घर म्हणत नाही. राजधानीने आपले हक्काचे मत मिळविले आहे. आता दूरच्या जिल्ह्यांना त्यांचा हक्काचा कारभार मिळणे, ही त्याच न्यायाची दुसरी बाजू आहे.