वालधुनीला नाला म्हणू नका

गंगेच्या उपनद्या विचारल्या तर यमुना, घागरा, गंडक, कोसी ही नावे तुम्ही धडाधड सांगाल. उल्हास नदीच्या उपनद्या विचारल्या तर? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील पुष्कळ मुलेही गप्प बसतील. ज्या नदीच्या नावावरून १९४९ साली एका शहराचे नामकरण झाले, तिच्याविषयी ही स्थिती असावी हे बरे नव्हे. भूगोलाचा अभ्यास घरच्या नदीपासून सुरू व्हावा, असे माझे मत आहे. आणि ते केवळ अभिमानापोटी नाही.

उल्हास नदी लोणावळा-खंडाळा परिसरातील सह्याद्रीत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा उत्तरेकडे प्रवास करून ती कल्याणजवळ पश्चिमेकडे वळते आणि वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. सुमारे १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीपुढे ती लहानच. पण लहान नदीचा स्वभाव वेगळा असतो. घाटात तिचा उतार तीव्र, तर कल्याणच्या बाजूस जमीन जवळजवळ सपाट. वरून पाणी वेगाने येते, खाली रेंगाळते. त्यातच समुद्राला भरती असली तर त्याची वाट आणखी अडते.

शिवाय ती एकटी नाही. पेज, पोशीर व बारवी तिला मिळतात; भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला. कुठे पडलेला पाऊस आपल्या दारात येणार, हे खोऱ्याच्या नकाशावरून कळते, नगरपालिकेच्या हद्दीवरून नव्हे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, हे तुम्ही ऐकले असेल.

माणसाने तर खोऱ्याची सीमाही ओलांडली आहे. आंध्रा नदीचे पाणी इंद्रायणी, भीमा व कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जावयाचे. ठोकरवाडी धरणाने ते अडवून, घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात १९२२ पासून आणले जाते. वीज निर्माण झाल्यावर ते पेज नदीत उतरते आणि तेथून उल्हासमध्ये येते. उन्हाळ्यात बदलापूरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात पूर्वेकडे जाणाऱ्या नदीचाही वाटा असतो, तो असा!

आता वालधुनीकडे वळू. अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावणारी ही छोटी उपनदी शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० च्या शिवमंदिरास लागून वाहते आणि उल्हासनगरमधून कल्याणकडे जाऊन उल्हासला मिळते. आज तिला सर्रास ‘नाला’ म्हणतात. नावात काय आहे, असे कोणी विचारील. पुष्कळ आहे! नाला म्हटले की त्यात सांडपाणी सोडताना आणि काठावर भराव घालताना मन कचरत नाही. २०१४ साली उल्हासनगरात तिच्या पात्रात बेकायदा ओतलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले.

भरावाचे गणित तर तुम्हीच करून पाहा. १ चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००,००० घनमीटर पाणी होते. ते सारे एका तासात वाहून जावयाचे तर दर सेकंदाला सुमारे २८ घनमीटर वाहिले पाहिजे. वेग सेकंदाला २ मीटर धरला तर पात्राचा छेद १४ चौरस मीटर लागेल. म्हणजे ७ मीटर रुंदी व २ मीटर खोली. आता भराव घालून रुंदी निम्मी करा. वेग तोच राहिला तर पाणी ४ मीटर चढेल. काँक्रीटवर पाणी मुरत नाही, म्हणून शहरात हे गणित अधिकच लागू पडते. हा झाला केवळ एका चौरस किलोमीटरचा हिशेब.

गंगेचा अभ्यास सोडून द्या, असे मी म्हणत नाही. घरची नदी ज्याला समजली, त्याला गंगाही लवकर समजेल. शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे, की प्रत्येक वर्गाने उल्हास खोऱ्याचा एक मोठा नकाशा काढून भिंतीवर लावावा. आपली शाळा, आपल्या नळाच्या पाण्याचा उगम, आपले सांडपाणी जेथे पोहोचते ती जागा आणि पुराच्या खुणा त्यावर दाखवाव्यात. पावसाळ्यात पात्राजवळ मात्र कोणी जाऊ नये; ही माहिती मोठ्या माणसांना विचारूनही मिळते. नकाशात वालधुनीची निळी रेघ काढाल तेव्हा तिच्यापुढे ‘नदी’ असेच लिहा. काही वर्षांनी या शहरांचे आराखडे तुमच्यापैकीच कोणी तरी काढणार आहे. त्या वेळी तो शब्द तुम्हांला आठवला पाहिजे.