चार छिद्रे आणि न मांडलेला हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये बसलेल्या शल्यचिकित्सकांनी २८६ किलोमीटर दूर असलेल्या जयपूरमधील रुग्णांवर स्वदेशी रोबोच्या साहाय्याने हृदयशस्त्रक्रिया केल्या आणि देशभरातील विज्ञानपाने अभिमानाने उजळून निघाली. अंतर किती होते, संदेश पोचायला किती मिलिसेकंद लागले, यंत्र कुणी घडवले, हे सारे तपशीलवार छापून आले. या अभियांत्रिकीचा अभिमान मलाही वाटतो. परंतु अशा बातम्यांत एक प्रश्न मला कधीच भेटत नाही. ज्या शस्त्रक्रिया आपण गेली पस्तीस वर्षे दुर्बिणीतून करीत आलो आहोत, त्या झाल्यावर रुग्णाचे पुढे काय होते?

माझे म्हणणे आधीच स्पष्ट सांगतो. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया ही पोटावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांपैकी सर्वाधिक परिचित. खेड्यातल्या माणसालाही आज 'दुर्बिणीतून ऑपरेशन' हे शब्द ठाऊक आहेत. तरीही या शस्त्रक्रियेतील इजांची, देशातील प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक अशी राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नाही. जोवर हा हिशेब मांडला जात नाही, तोवर तिच्या पुढच्या आवृत्तीचे, म्हणजे रोबोचे, कौतुक ही विज्ञानवार्ता नव्हे. ती जाहिरात आहे.

मुळात दूरस्थ शस्त्रक्रियेची कथा नवी नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसून जाक मारेस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील ६८ वर्षांच्या एका स्त्रीचे पित्ताशय रोबोच्या हातांनी काढले. अटलांटिक महासागर ओलांडणारी ती पहिली शस्त्रक्रिया, आणि तीही पित्ताशयाचीच! त्याला दोन तपे होत आली. पण पित्ताशयासाठी महासागर ओलांडणे हा कोणत्याही देशाच्या नित्य व्यवहाराचा भाग झालेला नाही. पराक्रम आणि उपचार यांत हेच अंतर असते. पराक्रम एकदा करून दाखवायचा असतो. उपचार दहा हजार वेळा करून मोजायचा असतो.

आता दुर्बिणीच्या इतिहासाकडे पाहू. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पहिले पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातील सहव्यावसायिकांनी त्यांची उपेक्षा केली. १९८७ मध्ये लियाँ येथे फिलिप मूरे यांनी ती केली आणि त्यानंतर काही वर्षांतच ही पद्धत जगभर पसरली. भारतात ती १९९० साली आली आणि कुठे आली, हे विसरता कामा नये: मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात. डॉ. तेहमटन उदवाडिया तेथे १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालून पाहत होते. त्यांचे रुग्ण गरीब होते, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन हाताशी नव्हते, आणि केवळ निदानासाठी पोट फाडणे त्यांना मान्य नव्हते. विकसनशील जगातील या शस्त्रक्रियेचा प्रारंभ अशा गरजेतून झाला. पंचतारांकित दालनातून नव्हे.

या शस्त्रक्रियेने माणसांचे भले केले, यात शंका नाही. पूर्वी उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेतला जाई. रुग्ण आठवडाभर खाटेवर आणि महिनाभर कामाबाहेर राही. आता बहुधा चार लहान छिद्रे पुरतात. पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते. हा वायू पेट घेत नाही, रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून त्याची निवड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण घरी जातो. रोजंदारीवर पोट असणाऱ्या बाईसाठी हे वाचलेले आठवडे म्हणजे वाचलेली मजुरी होय.

मग तक्रार कशाची? ती आहे त्या छिद्रांच्या आत, अंगठ्याएवढ्या जागेत घडणाऱ्या गोष्टीची. पित्ताशयाची स्वतःची एक छोटी नळी असते. ती यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. शस्त्रक्रियेत छोटी नळी कापायची असते. मुख्य नलिकेला धक्काही लागू द्यायचा नसतो. पण वारंवारच्या सुजेने हे भाग एकमेकांना चिकटतात. त्यातच पित्ताशय ओढून धरले की दोन्ही नळ्या एका रेषेत येतात आणि मुख्य नलिकाच छोटी नळी असल्याचा भास होतो. सपाट पडद्यावर बोटांचा स्पर्श नसतो. चिमटा बसतो, कात्री चालते आणि शस्त्रक्रिया 'यशस्वी' होते.

हा भास मी रंगवून सांगत नाही. लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ इजांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९७ टक्के प्रकरणांत चुकीचे मूळ दृष्टिभ्रमात होते; हात कच्चा असणे हे कारण क्वचितच आढळले. म्हणजे चांगला शल्यचिकित्सकही फसतो आणि आपण फसलो हे त्याला त्या वेळी कळत नाही. उपाय ठाऊक आहे. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्येच नेमकी शिस्त सांगितली: तो त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून पूर्ण मोकळा करा, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश भाग यकृतापासून सोडवा, पित्ताशयाकडे दोन आणि दोनच रचना जाताना दिसल्याखेरीज काहीही कापू नका. दिसत नसेल तर थांबा, पित्ताशयाचा काही भाग आत राहू द्या किंवा सरळ पोट उघडा. पोट उघडणे हा पराभव नव्हे. तो विवेक आहे.

खुल्या शस्त्रक्रियेच्या काळात अशी इजा हजारात एक-दोघांना होत असे. दुर्बीण आल्यावर हे प्रमाण साधारणपणे हजारात तीन ते सहा असल्याचे जगभरच्या अहवालांत आढळते. आकडा लहान वाटतो. पण ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याचे काय होते? चार-पाच दिवसांत पोट फुगते, ताप येतो, डोळे पिवळे होतात. पुढे आतड्याचा एक वेढा वर ओढून यकृतातील नलिकेला शिवण्याची मोठी शस्त्रक्रिया होते. तो जोडही कधी आकसतो. वर्षानुवर्षे कावीळ आणि संसर्ग यांच्या फेऱ्या सुरू राहतात, आणि काहींच्या यकृताचा अंत प्रत्यारोपणापाशी होतो. पित्तखडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, त्यामुळे हे भोग मुख्यतः ऐन संसारातल्या स्त्रियांचे असतात. खड्याच्या दुखण्यासाठी आलेली बाई आयुष्यभराची रुग्ण होऊन जाते.

आणि इथेच हिशेबाची खरी मेख आहे. इजा एका गावात होते, दुरुस्ती दुसऱ्या शहरात. लखनऊची संजय गांधी पदव्युत्तर संस्था, दिल्लीचे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, चंदीगडची पीजीआय अशा संस्थांतील शल्यचिकित्सक दशकानुदशके हे पाठवलेले रुग्ण दुरुस्त करीत आले आहेत. लखनऊच्या डॉ. विनय कपूर यांनी तर केवळ या एका इजेवर आख्खा ग्रंथ सिद्ध केला. किती इजा दुरुस्तीसाठी आल्या, हे या संस्था सांगू शकतात; पण किती शस्त्रक्रियांमागे त्या झाल्या, हे त्या कसे सांगणार? ज्या रुग्णालयात नलिका कापली गेली, त्याच्या दप्तरात बहुधा एवढीच नोंद असते: 'रुग्णास चांगल्या अवस्थेत घरी सोडले.' त्या दिवसापुरती ती नोंद खरीही असते. अंश एकीकडे, छेद दुसरीकडे. अपूर्णांक जुळतच नाही.

ज्यांनी तो जुळवला, त्यांना काय दिसले ते पाहा. अमेरिकेत २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्येष्ठांच्या सरकारी विमायोजनेच्या देयकांतून २०१० ते २०१९ या काळातील दहा लाखांहून अधिक पित्ताशय-शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. पुढे दुरुस्ती करावी लागली अशा नलिका-इजांचे प्रमाण साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ०.२ टक्के होते, तर रोबोच्या शस्त्रक्रियेत ०.७ टक्के. महागडे यंत्र, आणि इजा तिपटीहून अधिक! या निष्कर्षावर वाद घालता येईल: रुग्ण वयस्क होते, काही शल्यचिकित्सक यंत्र नुकतेच शिकत असतील, ही काही नियंत्रित चाचणी नव्हती. जरूर घालावा. पण तो वाद तेथे शक्य झाला, कारण तेथे कुणीतरी मोजले होते. आपल्याकडे वादालाही आधार नाही.

स्वीडनने याहून शहाणी वाट धरली. २००५ पासून तेथे पित्ताशय-शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि देशातील जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रिया, पुढील तीस दिवसांच्या गुंतागुंतीसह, तिच्यात उतरते. 'तो चिमुकला, श्रीमंत देश. आपली गोष्ट वेगळी', असे कुणी म्हणेल. मग स्वतःच्याच घरात पाहू. कर्करोगाची राष्ट्रीय नोंदवही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८१ मध्येच सुरू केली, संगणक दुर्मीळ असताना. आणि २०१८ पासून आयुष्मान भारत योजना देशभर दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे पैसे देते आहे. प्रत्येक देयकाला रुग्णाची ओळख आणि रुग्णालयाचे नाव जोडलेले असते. पित्ताशय काढल्यानंतर वर्षभरात त्याच रुग्णासाठी पित्तनलिकेत नळी बसवण्याचे किंवा आतडे जोडण्याचे देयक आले का, एवढेच पडताळून पाहायचे आहे. नवे यंत्र नको, नवी इमारत नको. हवी आहे ती फक्त इच्छा.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला: उदवाडियांनाही लोक हसले होते, आज तुम्ही रोबोला हसत आहात. मी हसत नाही. गुदाशय किंवा पुरःस्थ ग्रंथीसारख्या अरुंद, खोल जागी रोबोचे स्थान असू शकेल. पण उदवाडियांनी दुर्बीण आणली ती गरीब रुग्णाचे पोट विनाकारण फाडले जाऊ नये म्हणून. रोबो पित्ताशयासाठी कोणती उणीव भरून काढतो, हे सिद्ध करण्याचा भार तो विकणाऱ्यावर आहे. शंका घेणाऱ्यावर नाही.

दुसरा: मोजणी सुरू झाली की डॉक्टर कोर्टात खेचले जातील, मारहाण होईल. ही भीती खोटी नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, आणि रुग्णालयांवरील हल्ले आपण पाहतोच. म्हणूनच नोंदवहीतील व्यक्तींची नावे कायद्याने गोपनीय राहिली पाहिजेत. पण हेही लक्षात घ्या: ९७ टक्के चुका दृष्टिभ्रमातून होतात, हे समाजाला आकड्यांनिशी कळले, तर प्रत्येक इजेला 'निष्काळजीपणा' ठरवणाऱ्या जमावापासून प्रामाणिक डॉक्टरचेच रक्षण होईल. झाकलेली चूक गुन्ह्यासारखी दिसते. मांडलेली चूक धडा बनते.

तिसरा: हे सारे प्रगतीच्या विरोधात आहे. नाही. प्रगती म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. ईशान्येकडील आणि इतर ग्रामीण रुग्णालयांत काही भारतीय शल्यचिकित्सकांनी पोटात वायू न भरता, साध्या यांत्रिक आधाराने पोटाची भिंत वर उचलून दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळवली. ती कमरेतून दिलेल्या भुलीखालीही करता येते. वायूची नळकांडी आणि महाग यंत्रणा लागत नाही. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात तिची रूढ पद्धतीशी यादृच्छिक चाचणी झाली आणि ती कमी प्रतीची ठरली नाही. स्वस्त, स्वदेशी, तपासून घेतलेली आणि गावापर्यंत पोचणारी! किती विज्ञानपानांवर तुम्ही तिचे छायाचित्र पाहिले?

वाचकांपैकी कुणाच्या घरी उद्या ही शस्त्रक्रिया ठरली, तर घाबरू नका. त्रास देणारे खडे अंगावर काढणे अधिक घातक असते. सोनोग्राफीत अवचित सापडलेल्या, कधीही न दुखलेल्या खड्यासाठी मात्र शस्त्रक्रिया का हवी, हे आधी विचारा. त्याची सबळ कारणे असू शकतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, जिथे पित्ताशयाचा कर्करोग जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. पण कारण ऐकून घ्या. आणि शल्यचिकित्सकांना नम्रपणे एवढे जरूर म्हणा: 'आत नीट दिसले नाही तर पोट उघडायला आमची हरकत नाही.' टाके चार की चौदा, याचा हट्ट आपणच सोडला, तर त्यांच्या हातावरचे दडपण निम्म्याने उतरेल.

उरलेले काम शासनाचे आणि शल्यचिकित्सकांच्या संघटनांचे आहे. रोबोसाठी फीत कापण्याआधी एक वही उघडा. तिच्या पहिल्या पानावर किती शस्त्रक्रिया झाल्या ते लिहा. दुसऱ्या पानावर किती नलिका कापल्या गेल्या ते. मग पुढची बातमी छापा. ती मी अभिमानाने सर्वांना पाठवीन.

मतभेद असतील तर खाली अवश्य मांडा. आकड्यांसह मांडलेत तर अधिक आनंद होईल.