दिवा लागला नाही म्हणून ब्रेक चांगले?



ब्रेकचे पॅड झिजले की गाडी आपणहून सांगते, हा समज आता घरोघरी पक्का झाला आहे. तो बराचसा भाबडा आहे.

मुळात आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पॅडचा सेन्सरच नसतो. मीटरवरचा लाल दिवा हँडब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेक ऑइल कमी झाले आहे, एवढेच दाखवतो. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे जास्त ऑइल जाते आणि डब्यातली पातळी उतरते. म्हणजे आडवळणाने का होईना, दिवा पॅडची खबर देतो. पण पॅड न बघताच वरून ऑइल ओतले जाते. दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश!

काही पॅडना पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. काचा बंद, एसी आणि गाणी चालू असताना ती ऐकणार कोण? स्वस्तातल्या पॅडना तर ती असेलच याची खात्री नाही.

महागड्या गाड्यांत खरा सेन्सर असतो. पॅडमध्ये वायर पुरलेली असते. पॅड ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की डिस्क ती कापते आणि दिवा लागतो. मात्र अनेक मॉडेलमध्ये तो पुढच्या एका आणि मागच्या एकाच चाकाला असतो. उरलेल्या चाकांपैकी एखाद्या कॅलिपरची पिन गंजून अडकली, तर तिथला आतला पॅड, जो बाहेरून दिसतही नाही, आधी संपतो आणि सेन्सर गप्प राहतो. उलट चिखल-खडीने वायर तुटली, तर चांगल्या पॅडवरही दिवा पेटतो. मग कोणी मेकॅनिक वायरची दोन टोके एकत्र पिळून वर टेप गुंडाळतो. तो दिवा पुन्हा लागणे नाही.

वरंध घाटात उतारभर ब्रेक दाबून ठेवला, तर जाड पॅडही तापून पकड सोडतात. हे तर सेन्सरच्या कक्षेतच नाही.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ पॅड नापास ठरतो. आपल्याकडे खासगी गाडीला पीयूसी वारंवार लागते, फिटनेसची तपासणी मात्र थेट १५ वर्षांनी. तोवर भिस्त सर्व्हिसवर, आणि तिथल्या जॉब कार्डावर ब्रेकपुढे नुसते ‘ओके’! नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायला हवा. मग प्रत्येक चाकाच्या आतल्या-बाहेरच्या पॅडची जाडी आकड्यात लिहून देणे सर्व्हिस सेंटरांना बंधनकारक का नसावे? चाके अदलाबदलीसाठी निघतातच. त्याच वेळी मोजायला कितीसा वेळ लागणार? आणि तोवर गाडीमालकांनी तो आकडा मागून घ्यावा, बिल चुकवण्याआधी.

– एक वाचक, महाड